घोडा राजाचा, दाणा रयतेचा : बायबलमधील अश्वप्रतीकाचा आढावा

बायबलमधल्या घोड्यांचा विषय निघाला की बहुतेकांची नजर आधी शेवटच्या पुस्तकाकडे, प्रकटीकरणाकडे जाते. पांढरा, तांबडा, काळा आणि फिका हिरवट असे चार घोडे, आणि त्यांचे चार अर्थ : विजय, युद्ध, दुष्काळ, मृत्यू. असे तक्ते प्रवचनांतून आणि पुस्तिकांतून इतके फिरले आहेत की घोड्याचा अर्थ त्याच्या रंगात असतो, अशीच वाचकाची समजूत होते. तक्त्यात तथ्य आहे, पण त्याने प्रश्नाला हात घातला जात नाही. योहानाने ते चार घोडे रंगवले तेव्हा त्याच्या पाठीशी कित्येक शतकांचे हिब्रू लेखन उभे होते, आणि त्या लेखनात घोड्याचा पत्ता पक्का ठरलेला होता : राजाची पागा. शेतकऱ्याकडे बैल, प्रवाशाकडे गाढव, वाळवंटातल्या व्यापाऱ्याकडे उंट, आणि घोडा सत्तेकडे. मराठा घोडदळात बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. घोडा कोणाचा, हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. बायबल तोच प्रश्न विचारते आणि त्याच्या मागोमाग दुसराही : त्या घोड्याला दाणा कोण पुरवतो? या लेखाचे म्हणणे एवढेच की बायबलमधले अश्वप्रतीक या दोन प्रश्नांनी उलगडते. घोडा हे तिथे राज्यसत्तेवरच्या भरवशाचे चिन्ह आहे आणि त्या भरवशाची किंमत पुन्हापुन्हा धान्यात मोजलेली दिसते.

आरंभीच्या मौनापासून हे दिसू लागते. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या संपत्तीची यादी येते : मेंढरे, गुरे, गाढवे, उंट, दासदासी. घोडा नाही. इसहाक आणि याकोब यांच्याकडेही नाही. घोड्याचा पहिला उल्लेख ४७व्या अध्यायात येतो, मिसरमध्ये, आणि तोही दुष्काळात. लोकांचे पैसे संपले आहेत, धान्याची कोठारे योसेफाच्या ताब्यात आहेत, आणि लोक आपले घोडे, मेंढरे, गुरे, गाढवे फारोच्या पदरात घालून भाकरी विकत घेतात. पुढच्या वर्षी ते जमिनी देतात आणि शेवटी स्वतःला. घोडा पहिल्यांदाच रंगमंचावर येतो तो भुकेच्या बदल्यात सत्तेकडे जमा होणारी वस्तू म्हणून. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण पुढे निर्गमात हीच सत्ता सहाशे निवडक रथ घेऊन पळालेल्या गुलामांच्या पाठीवर येते. तांबड्या समुद्राकाठी मिर्याम डफ घेऊन जे गाणे म्हणते त्याचा गाभा हाच की घोडा आणि स्वार दोघेही समुद्रात गेले. हिब्रू भाषेच्या अभ्यासकांपैकी अनेकजण हे काव्य बायबलमधल्या सर्वांत जुन्या काव्यांत मोजतात. इस्राएलाच्या स्मृतीत घोडा शिरला तो शत्रूचा म्हणून, आणि बुडालेला म्हणून.

त्यानंतर कायदा येतो. अनुवादाच्या १७व्या अध्यायात राजा कसा असावा याचे नियम आहेत आणि त्यात पहिलीच मनाई घोड्यांची आहे : राजाने घोडे वाढवू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना मिसरला परत पाठवू नये. बायका आणि सोनेचांदी यांचा क्रम यानंतर लागतो. घोड्यांसाठी माणसे मिसरला कशी जातील, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की घोड्यांच्या मोबदल्यात भाडोत्री सैनिक पुरवले जात असावेत. ते मान्य करा वा न करा, नियमाची दिशा स्वच्छ आहे : घोड्याच्या मागे लागलेले राज्य ज्या गुलामगिरीतून सुटले त्याच दारात परत जाईल. यहोशवाने मेरोमच्या पाण्यापाशी कनानी राजांचा पराभव केल्यावर त्यांच्या घोड्यांच्या धोंडशिरा तोडल्या आणि रथ जाळले. मागच्या पायाची ती शीर तुटली की घोडा जगला तरी पुन्हा रथाला जुंपता येत नाही. आजच्या वाचकाला हे वाचवत नाही आणि वाचवू नयेच. पण जिंकलेले सर्वांत मोठे हत्यार हाती आले असताना ते वापरायचे नाही, असा त्या आज्ञेचा रोख होता. दावीदाने शत्रुराजा हदादेजर याचे घोडे पकडले तेव्हा त्यानेही तसेच केले, मात्र शंभर रथांपुरते घोडे ठेवून घेतले. मजकूर त्यावर एक अक्षर बोलत नाही. पण वाचणाऱ्याने ते शंभर लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या पिढीत दावीदाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठताना पहिली गोष्ट करतो ती रथ, घोडे आणि पुढे धावणारी पन्नास माणसे जमवण्याची. त्याचा भाऊ अदोनीयाही सिंहासनावर डोळा ठेवताना तेच करतो. आणि ज्या शलमोनाला खरोखर राज्य मिळते तो अभिषेकासाठी गीहोनला जातो दावीदाच्या खेचरावर बसून.

शलमोनाने ते खेचर लवकरच मागे टाकले. पहिल्या राजांच्या पुस्तकात त्याच्या घोड्यांच्या चाळीस हजार ठाणांचा आकडा आहे, तर दुसऱ्या इतिहासात तोच चार हजार आहे. कुठेतरी नकलकाराचा हात चुकला आहे आणि लहान आकडा अधिक संभाव्य आहे. १,४०० रथ, १२,००० स्वार, मिसर आणि कुवे इथून आयात, एका रथाला ६०० शेकेल चांदी आणि एका घोड्याला १५०. हे सारे वैभव म्हणून सांगितले आहे असे वाटते, आणि लेखकाच्या मनात अभिमान नव्हता असेही म्हणता येणार नाही. पण त्याच वर्णनात एक ओळभर तपशील आहे, त्याच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. राज्याचे बारा विभाग केले होते, प्रत्येक विभागाने वर्षातला एक महिना राजाच्या भोजनाची तरतूद करायची, आणि घोड्यांसाठी जव व पेंढा ठरलेल्या ठिकाणी आणून द्यायचा. जव हे त्या देशातल्या गरिबाच्या भाकरीचे धान्य. म्हणजे रयतेच्या तव्यावरचे धान्य पागेत जात होते, आणि ते मोजून घेणारे अधिकारी नेमलेले होते. शमुवेलाने हे आधीच बजावले होते : राजा मागता आहात, तो तुमच्या मुलांना रथांपुढे धावायला लावील आणि तुमच्या धान्याचा दहावा हिस्सा घेईल. शलमोन वारल्यावर उत्तरेचे लोक रहबामाकडे एकच मागणी घेऊन जातात, तुझ्या बापाने लादलेले जू हलके कर. तो नकार देतो आणि राज्य दुभंगते. घोड्यांमुळे राज्य फुटले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वेठबिगारी आणि बांधकामे यांचा भार मोठा होता. पण पागेचा खर्च त्या जुवात होता, हे मजकूरच सांगतो.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. इस्राएल हा डोंगराळ मुलखातला, गरीब लोकांचा समूह. त्याच्याकडे रथ चालवायला सपाट जमीनही नव्हती आणि घोडे घ्यायला चांदीही. शास्त्यांचे पुस्तक स्वतःच कबूल करते की खोऱ्यातल्या लोकांकडे लोखंडी रथ असल्यामुळे त्यांना हुसकावता आले नाही. मग घोड्यांविषयीचा हा सगळा वैताग म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असेच नाही का? आरंभीच्या काळापुरते यात तथ्य असेल. पण पुरावा पुढे उलटा जातो. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याने इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये कर्कर येथे झालेल्या लढाईचा वृत्तांत शिलालेखात कोरून ठेवला आहे. त्यात विरोधी आघाडीतल्या राजांची यादी आहे आणि इस्राएलच्या अहाबाच्या नावावर २,००० रथ लावलेले आहेत. हा आकडा फुगवलेला आहे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तो निम्मा धरला तरी अहाब त्या काळातला मोठा रथपती ठरतो. मगिद्दो येथे शिकागोच्या पुराविदांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खांबांच्या रांगा असलेल्या लांबट इमारती सापडल्या. त्या शलमोनाच्या पागा म्हणून गाजल्या, नंतर यिगाएल यादीन यांनी त्या अहाबाच्या काळापर्यंत खाली आणल्या, आणि जेम्स प्रिचर्ड यांनी त्या पागा नसून कोठारे असाव्यात असा प्रश्न उभा केला. वाद अजून मिटलेला नाही. पागा की धान्याची कोठारे, हा वाद एकाच इमारतीवरून व्हावा, हे या विषयाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारे आहे. मुद्दा असा की संदेष्ट्यांची घोड्यांवरची टीका तीव्र झाली ती घोडे नव्हते तेव्हा नाही, घोडे भरपूर झाले तेव्हा. देश घोड्यांनी भरला आहे आणि रथांना अंत नाही, ही यशयाची तक्रार आहे. द्राक्षे हातात असताना त्याने ती नाकारली.

अहाबाच्याच कथेत असा एक प्रसंग आहे की त्यावरून हा सारा विषय उलगडावा. तिसऱ्या वर्षीही पाऊस नाही. शोमरोनात दुष्काळ कडाडला आहे. राजा आपला कारभारी ओबद्या याला बोलावतो, दोघे देश वाटून घेतात, एका वाटेने राजा आणि दुसऱ्या वाटेने कारभारी, झरे आणि ओढे धुंडाळायला निघतात. कशासाठी? घोडे आणि खेचरे जगवायला कुठे गवत मिळते का ते पाहायला. आधीच्याच अध्यायात, त्याच दुष्काळात, सारफथच्या वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करते आहे. मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरले आहे. ते भाजून मुलासह खायचे आणि मग मरायचे, असा तिचा हिशेब आहे. कथाकार दोन चित्रे शेजारी ठेवतो आणि भाष्य करत नाही. राजा गवत शोधतो आणि संदेष्टा एलीया विधवेचे पिठाचे मडके भरतो. कोणाच्या बाजूने देव उभा आहे, हे वाचकाला सांगावे लागत नाही.

इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा झाला. अश्शूरचा राजा सनहेरीब याचे सैन्य यहूदात घुसले होते. लाखीशचा वेढा त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडी पटांवर कोरून घेतला आणि ते पट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेमच्या दरबारात मिसरच्या घोडदळाची मदत घ्यावी असा एक मोठा पक्ष होता. यशयाने त्याला कडाडून विरोध केला : मिसरी लोक माणसे आहेत, देव नव्हेत, आणि त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत. या वाक्याचा राजकीय अर्थ अनेकदा विसरला जातो. यशया सैन्य ठेवू नका म्हणत नव्हता. एका साम्राज्याच्या भीतीने दुसऱ्या साम्राज्याच्या पागेत नाव नोंदवू नका, असे सांगत होता. अश्शूरच्या सेनाधिकाऱ्याने वेशीबाहेर उभे राहून नेमके त्याच जखमेवर बोट ठेवले. तो म्हणाला, मी तुम्हाला दोन हजार घोडे देतो, बसायला तेवढे स्वार तरी तुमच्याकडे आहेत का? अपमान करणाऱ्यालाही ठाऊक होते की यरुशलेमची भूक घोड्यांची आहे. होशेयने पश्चात्तापाची प्रार्थना लोकांच्या तोंडी घातली तेव्हा त्यात अश्शूरकडून तारण मागणार नाही आणि घोड्यांवर बसणार नाही, ही दोन वचने जोडीने येतात. स्तोत्रांमध्ये, नीतिसूत्रांत, मीखात हाच सूर आहे. प्रत्येक ठिकाण उकलून दाखवायची गरज नाही.

पण बायबलमध्ये घोड्याचे एक भव्य स्तुतिकाव्यही आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ईयोबाच्या ३९व्या अध्यायात वादळातून बोलणारा देव स्वतः युद्धाच्या घोड्याचे वर्णन करतो : मानेवरची आयाळ, टापांखाली उडणारी माती, रणशिंगाचा आवाज आल्यावर आवरता न येणारा त्याचा आवेश. युद्धाचा वास त्याला लांबूनच येतो. जगाच्या साहित्यात प्राण्यावर लिहिलेल्या थोर काव्यांत याची गणना व्हावी. मग बायबल घोड्याच्या विरुद्ध आहे असे कसे म्हणायचे? म्हणूच नये. त्या काव्यात घोडा आहे, राजा नाही. स्वार तर जवळजवळ अदृश्य आहे. घोड्याचे बळ ईयोबाने दिलेले नाही, हाच देवाच्या प्रश्नाचा रोख आहे. त्याआधीच्या ओळींत शहामृग पळताना घोड्याला आणि स्वाराला हसते. म्हणजे त्याच भाषणात माणसाच्या घोडेस्वारीचा दिमाख आधीच उतरवून ठेवला आहे. आणि ईयोबाची मालमत्ता पाहा : सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी. शेवटी सारे दुप्पट होऊन मिळते, तेव्हाही यादीत घोडा नाही. देवाच्या सृष्टीत घोडा अप्रतिम आहे. नीतिमान माणसाच्या गोठ्यात मात्र त्याला जागा दिलेली नाही. संदेष्ट्यांचा राग जनावरावर कधीच नव्हता. गीतरत्नातला प्रियकर प्रेयसीला फारोच्या रथांमधल्या घोडीची उपमा देतो, तीही निखळ कौतुकाने.

दुसरा आक्षेप अग्नीच्या घोड्यांचा. एलीया अग्नीच्या रथासह स्वर्गात जातो. त्याचा शिष्य अलीशा याच्या चाकराचे डोळे उघडतात तेव्हा डोंगर अग्नीच्या घोड्यांनी आणि रथांनी भरलेला दिसतो. म्हणजे देवाकडेही घोडदळ आहे आणि प्रश्न फक्त कोणाचे मोठे एवढाच उरतो, असे कोणी म्हणेल. कथा पुढे वाचली की हे टिकत नाही. ते अग्नीचे घोडदळ हल्ला करतच नाही. आंधळी झालेली अरामी फौज अलीशा शोमरोनात आणतो, राजा विचारतो यांना मारू का, आणि अलीशा सांगतो : यांच्यापुढे भाकरी आणि पाणी ठेव. मोठी मेजवानी होते आणि फौज घरी जाते. लगेच पुढच्या प्रसंगात शोमरोनला वेढा पडतो. गाढवाचे मुंडके ऐंशी शेकेल रुप्याला विकले जाते, आया आपली मुले खातात अशी वेळ येते. मग एका रात्री अरामी छावणीला घोड्यांचा आणि रथांचा नुसता आवाज ऐकू येतो आणि ते घोडे-गाढवे बांधलेली तशीच टाकून पळतात. नगरात उरलेल्या मूठभर घोड्यांपैकी काही जुंपून टेहळणी होते, छावणी रिकामी असल्याची खात्री पटते, आणि दुसऱ्या दिवशी वेशीत भाव फुटतो : एका शेकेलला एक माप सपीठ, एका शेकेलला दोन मापे जव. देवाचे घोडदळ काय करते, तर धान्य स्वस्त करते. शलमोनाच्या पागेच्या अगदी उलट.

बाबेलच्या बंदिवासानंतर जखऱ्याच्या पुस्तकात घोड्यांची तीन निरनिराळी चित्रे येतात आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिल्या भागात, दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षी म्हणजे इसवी सनापूर्वी ५१९ मध्ये, मेंदीच्या झाडांमध्ये उभे असलेले रंगीत घोडे पृथ्वीवर फेरी मारून सगळे शांत असल्याची वर्दी देतात. पर्शियन साम्राज्याची घोडेस्वार टपाल आणि टेहळणी डोळ्यांपुढे असल्याशिवाय हे चित्र सुचणार नाही. रंगांना इथे ठाम अर्थ नाही. तक्ते करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नवव्या अध्यायात येणारा राजा नम्र होऊन गाढवावर बसून येतो आणि यरुशलेमातून घोडा नाहीसा केला जातो. चौदाव्यात घोडा परत आला आहे, पण त्याच्या गळ्यातल्या घंटांवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ हे तेच शब्द कोरलेले आहेत जे निर्गमात महायाजकाच्या मंदिलावरच्या सोन्याच्या पत्र्यावर होते. शेवटचे अध्याय वेगळ्या हातचे मानले जातात, त्यामुळे विसंगतीचे नवल नाही. परमेश्वराच्या घरातली भांडी आणि घोड्याच्या घंटा एकाच दर्जाच्या होतात, हे चित्र मला संपूर्ण बायबलमधले घोड्याविषयीचे सर्वांत उदार चित्र वाटते. इथे घोड्यावर शस्त्रही नाही आणि राजाही नाही.

येशूने यातले नवव्या अध्यायातले चित्र निवडले. चारही शुभवर्तमानांत घोड्याचा उल्लेखच नाही. दाखल्यांत पेरणारा, मेंढपाळ, जाळे टाकणारे कोळी, कारभारी, विधवा सारे आहेत, स्वार नाही. वल्हांडणाच्या सणाला रोमी सत्तेची नजर असलेल्या यरुशलेमात गाढवावरून शिरणे हे दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हते; जखऱ्या ज्यांना पाठ होता त्यांच्यासाठी तो उघड राजकीय दावा होता. नव्या करारात घोडे भेटतात ते रोमी स्वारांचे, पौलाला बंदोबस्तात कैसरियाला नेणारे सत्तर. याकोबाच्या पत्रातला लगामाचा घोडा. आणि मग एकदम प्रकटीकरण.

प्रकटीकरणाचा सहावा अध्याय या पार्श्वभूमीवर वाचला की तक्त्यातले रंग मागे पडतात. मोहोरा फोडणारा कोकरा आहे, पण घोडे सोडले जातात ते त्या काळच्या जगाचे. पहिला पांढरा, स्वाराच्या हाती धनुष्य आणि डोक्यावर मुकुट. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने हा ख्रिस्त मानला. पेटाऊच्या व्हिक्टोरिनसने जगभर जाणारा सुवार्तेचा संदेश मानला. आजचे अनेक अभ्यासक रोमच्या पूर्व सीमेवरचे पार्थियन धनुर्धर स्वार आठवतात, ज्यांच्यापुढे इसवी सन ६२ मध्ये रोमी सैन्याला मान खाली घालावी लागली होती. मला तिसरे मत अधिक पटते. चौघांनाही एकाच रीतीने बोलावले जाते. पहिल्याला ख्रिस्त धरले तर तो तलवार, तराजू आणि मृत्यू यांच्या रांगेत एक नंबर होऊन बसतो. विजयाच्या मागून कत्तल, कत्तलीमागून महागाई, महागाईमागून मरण, हा साम्राज्याच्या मोहिमेचा ओळखीचा क्रम आहे. तिसऱ्या, काळ्या घोड्यापाशी थांबावे. स्वाराच्या हातात शस्त्र नाही, तराजू आहे. आवाज भाव पुकारतो : एका दीनाराला एक माप गहू, किंवा तीन मापे जव. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज आणि माप म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. बापाने दिवसभर राबून एकट्यापुरता गहू आणावा, किंवा पोराबाळांसाठी जव. आणि तेल व द्राक्षारस यांना धक्का लावू नका, अशी ताकीद. सम्राट डोमिशियनने प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडण्याचे फर्मान काढल्याचे सुएटोनियस सांगतो आणि अनेकजण ही ओळ त्याच्याशी जोडतात. तो संबंध खात्रीचा नसला तरी अर्थ जाणवतो : गरिबाचे धान्य महागते आणि श्रीमंताच्या ताटातले तसेच राहते. पुढे १८व्या अध्यायात बुडालेल्या बाबेलसाठी व्यापारी रडतात तेव्हा त्यांच्या मालाच्या यादीच्या शेवटी सपीठ, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, गाड्या आणि माणसांचे जीव असा क्रम लागतो. उत्पत्तीच्या ४७व्या अध्यायातली यादी जवळपास त्याच वस्तूंची आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. एकोणिसाव्या अध्यायात स्वर्ग उघडतो आणि ख्रिस्त पांढऱ्या घोड्यावर बसून युद्धाला येतो. मग गाढवाचे काय झाले? मराठी वाचकाला इथे कल्की आठवणारच : पांढरा घोडा, युगाचा अंत, दुष्टांचा संहार. साम्य आहे, पण कल्कीच्या हातात तलवार आहे आणि या स्वाराची तलवार तोंडातून निघते. त्याचा झगा लढाई सुरू होण्याआधीच रक्तात भिजलेला आहे, आणि ज्या पुस्तकात ख्रिस्त आरंभापासून वध केलेल्या कोकऱ्याच्या रूपात दिसतो तिथे ते रक्त त्याचे स्वतःचे आहे, असे वाचणाऱ्यांची बाजू मला बळकट वाटते. मागून येणाऱ्या सैन्याच्या अंगावर चिलखत नाही, तागाची पांढरी वस्त्रे आहेत, हातात काही नाही. रोमी विजययात्रेचा घोडा घेतला आहे आणि त्याच्यावरून शस्त्र उतरवले आहे. तरीही हे सगळे सोडवून टाकता येत नाही. त्याच अध्यायात पक्ष्यांना राजांचे, सेनापतींचे, घोड्यांचे आणि स्वारांचे मांस खायला बोलावले जाते. ती हिंसा रूपक आहे असे म्हटले तरी रूपकाने निवडलेली प्रतिमा भीषण राहते, आणि यशयाच्या शांततेपाशी ती अस्वस्थ उभी राहते. ही ओढाताण मजकुरातच आहे. तिला मऊ करणारा भाष्यकार मजकुराला न्याय देत नाही.

पुढच्या ख्रिस्ती परंपरेने त्या ओढाताणीतली एकच बाजू उचलली आणि घोडा आणखी उंच केला. पौल दिमिष्काच्या वाटेवर घोड्यावरून पडला असे बहुतेकांना वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत तो प्रसंग तीनदा येतो आणि तिन्ही वेळा घोडा नाही. रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमधल्या कारावाज्जोच्या चित्रात मात्र घोड्याच्या अंगाने अर्धाअधिक पट व्यापला आहे. ड्यूररच्या १४९८ च्या लाकूडठशात चारही स्वार एकदम लोकांवर चालून येतात, तर मजकुरात ते एकेक मोहोर फुटल्यावर एकेक करून निघतात. एकामागोमाग घडणाऱ्या कारणांची साखळी चित्रात हरवली आहे. गालीलातला कोळी याकोब स्पेनच्या दंतकथेत पांढऱ्या घोड्यावरचा योद्धा सांतियागो झाला, आणि इबेरियाच्या लढायांतून त्याच्या नावाची आरोळी समुद्रापलीकडे गेली. १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतले तेव्हा त्या बंदराचे एक मोठे आकर्षण अरबी आणि इराणी घोड्यांचा व्यापार हेच होते. होर्मुझहून आलेले घोडे गोव्यात उतरत आणि विजयनगरच्या व विजापूरच्या पागांत जात. घोडे कोणाला मिळू द्यायचे हे ठरवणे म्हणजे दख्खनच्या राजकारणात हात घालणे होते. घोडे आणणाऱ्या जहाजांना इतर मालावरच्या जकातीत सवलत होती. अनुवादातल्या राजाला ज्या व्यापाराची मनाई होती, तोच एका ख्रिस्ती राजाच्या तिजोरीचा आधार झाला होता. शंभर वर्षांनी त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. उत्पत्तीपासून येशूपर्यंतची कथा मराठी कानांवर पहिल्यांदा अशी सलग पडली, त्या वेळीही बंदरावर घोडे उतरत होते.